पंचवीस डॉलरची नोकरी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात मला एका नोकरीचं बोलावणं आलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बी.ए. होऊन पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, आयुष्यातली पहिली नोकरी! खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर विशेष मुलींची एक निवासी शाळा आहे. कुणाच्या बुद्धीची वाढ मंद, कुणाला बोलता येत नाही, कुणाचा हातापायांवर ताबा नाही. आमच्या महिला मंडळाच्या दहा-बारा जणी वर्षातून तीन-चार वेळा तिथे जातो. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळ, मध्ये कधी फळं, कधी स्वेटर. मुलींना गाणी म्हणून दाखवतो, दोन तास रमतो, फोटो काढतो आणि समाधानानं घरी येतो. या वेळी निघताना शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या वसतिगृहाची गृहमाता नोकरी सोडून चालली होती. तिच्या जागी मी येईन का, असं त्यांनी विचारलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मुलींची अंघोळ, वेणीफणी, जेवण, औषधं, शी-शू, सगळं बघायचं. पगार बेताचाच.

घरी सांगितलं आणि प्रत्येकाचं मत निघालं. सासूबाईंचं म्हणणं, घरात खायला कमी आहे का, म्हणून लोकांच्या मुलींचं करायला जायचं? ह्यांचं म्हणणं, जायचंच तर पगार न घेता जा, पैसे घेतले की सेवेचं पुण्य संपलं. शेजारच्या वहिनींनी तर मला देवीच करून टाकलं. असल्या कामाला फार मोठं मन लागतं म्हणे! ते ऐकून मी जास्तच घाबरले. कारण माझं मन केवढं आहे, ते मला ठाऊक आहे.

तुमच्यापासून काय लपवू? दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाच्या दिवशी तिथल्या एका मुलीनं पळत येऊन मला मिठी मारली होती. तिच्या तोंडातली लाळ माझ्या नव्या साडीला लागली आणि मी तिचा हात झटकून बाजूला झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं. अशी बाई तिथे गृहमाता होणार?

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला ॲन सुलिव्हन आठवली. कॉलेजात असताना तिच्याविषयी वाचलं होतं, मध्यंतरी वाचनालयातून आणून पुन्हा वाचलं. हेलन केलर आपल्यापैकी बहुतेकींना माहीत असते. आंधळी, बहिरी, मुकी असूनही शिकून जगप्रसिद्ध झालेली अमेरिकन बाई. तिला शिकवणाऱ्या बाईंचं नावही पुष्कळींनी ऐकलेलं असतं. पण ही शिक्षिका देवदूतासारखी आकाशातून उतरली नव्हती. ती महिना पगारावर आली होती, आणि ही नोकरी घ्यावी की नाही या विचारात तिनंही दिवस काढले होते. आज तिचीच गोष्ट सांगते.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे, तिथल्या फीडिंग हिल्स या खेड्यातला. आईवडील आयर्लंडमधून पोटासाठी आलेले. वडील शेतमजूर आणि दारूडे. घरात अठराविश्वे दारिद्र्य. पाच-सहा वर्षांची असताना ॲनच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या. खुपऱ्या आपल्याकडच्या जुन्या बायकांना चांगल्या माहीत आहेत. पापण्यांच्या आत खरखरीत फोड येतात, ते बुबुळाला घासत राहतात आणि उपचार झाले नाहीत तर हळूहळू नजर जाते. ॲनला वेळेवर उपचार कुठले मिळायला! तिला सगळं धूसर दिसू लागलं.

ती आठ वर्षांची असताना आई क्षयानं गेली. मग वडिलांनीही मुलांना वाऱ्यावर सोडलं. धाकट्या बहिणीला नातेवाइकांनी ठेवून घेतलं. पण डोळे गेलेली ॲन आणि कमरेच्या हाडाचा क्षय झालेला लहानगा जिमी, ही दोघं कुणालाच नको होती. फेब्रुवारी १८७६ मध्ये दोघांची रवानगी झाली ट्यूक्सबरीच्या सरकारी आश्रयगृहात.

आश्रयगृह हे नाव ऐकायला बरं. प्रत्यक्षात गरीब, म्हातारे, वेडे, रोगी, नवऱ्यानं टाकलेल्या गरोदर बायका, सगळ्यांना एका छपराखाली कोंबलेलं होतं. मुलामुलींना वेगळं ठेवायचा नियम होता, पण ॲननं एवढा आकांत केला की भावाला तिच्याजवळच, बायकांच्या वॉर्डात राहू दिलं. तिथे मेलेल्या माणसांना ठेवायची खोली होती, तिच्या आसपास ही दोन पोरं खेळायची. तीन-चार महिन्यांत जिमी गेला. रात्री ॲनला जाग आली तर शेजारची खाट जागेवर नव्हती. चाचपडत ती त्या खोलीत गेली आणि हातांनीच तिला कळलं, की भाऊ आता नाही.

दहा वर्षांच्या मुलीनं पाहिलेलं हे जग. तिथे तिनं चार वर्षांहून जास्त काळ काढला. तिथेच तिला कुणाकडून तरी कळलं, की आंधळ्यांसाठी वेगळी शाळा असते. १८८० मध्ये आश्रयगृहाची पाहणी करायला सरकारी अधिकारी आले. ॲन त्यांच्या मागे मागे फिरली. कोणता माणूस मोठा साहेब आहे हेसुद्धा तिला नीट दिसत नव्हतं. शेवटी धीर करून ती त्यांच्या पुढ्यात गेली आणि मला शाळेत जायचंय म्हणून रडून ओरडली. तिचं नशीब, की कुणी तरी ऐकलं. ऑक्टोबर १८८० मध्ये ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली.

तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिच्याकडे रात्री घालायचा गाऊन नव्हता, कंगवा नव्हता. बरोबरच्या मुली चांगल्या घरच्या, त्या हसायच्या. ही तापट, उलट उत्तरं देणारी, शिक्षकांशी भांडणारी. तिला काढून टाकायची वेळ एकदा नव्हे, अनेकदा आली. पण तिथल्या वसतिगृहाच्या गृहमाता, श्रीमती सोफिया हॉपकिन्स, यांनी तिला जीव लावला. सुटीत ही मुलगी कुठे जाणार म्हणून त्या तिला समुद्रकाठच्या आपल्या घरी घेऊन जात. हे मी दोनदा वाचलं. गृहमाता! इतिहासात ज्यांचं नाव ओझरतंच येतं अशा त्या बाई नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शाळेत असताना ॲनच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिला वाचण्याइतपत दिसू लागलं. तिथेच लॉरा ब्रिजमन नावाची प्रौढ बाई राहत असे. लॉरा लहानपणीच आजारानं आंधळी आणि बहिरी झालेली. १८३७ पासून पर्किन्सचे पहिले संचालक डॉ. हॉवे यांनी तिला बोटांनी तळहातावर अक्षरं काढून भाषा शिकवली होती. लॉराशी बोलायचं तर ही हातलिपी यायलाच हवी. ॲन ती शिकली, आपली गप्पा मारण्यापुरती. आपल्याला हीच विद्या पुढे जन्मभर पुरणार आहे, हे तिला तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल.

जून १८८६ मध्ये वीस वर्षांची ॲन वर्गात पहिली येऊन शाळेतून बाहेर पडली. समारंभ झाला, भाषण झालं, टाळ्या झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, आता जायचं कुठे? आईबाप नाहीत, घर नाही, डोळे अधू. परत ट्यूक्सबरीला जावं लागतं की काय, ही भीती. आपल्याकडच्या मुलींचे निकाल लागतात, पेढे वाटून होतात आणि मग घरात जी शांतता पसरते ना, तसंच काहीसं.

अशात ऑगस्ट महिन्यात शाळेचे संचालक मायकेल ॲनाग्नॉस यांचं तिला पत्र आलं. दूर दक्षिणेत अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी कॅप्टन आर्थर केलर नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी हेलन दीड वर्षाची असताना आजारी पडली, आणि त्यातून उठली ती आंधळी-बहिरी होऊनच. तिच्या आईनं, केटनं, लॉरा ब्रिजमनविषयी वाचलं होतं. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल बहिऱ्या मुलांसाठीही काम करत. केलर मंडळी त्यांना जाऊन भेटली आणि त्यांच्या सल्ल्यानं पर्किन्सला पत्र आलं, की मुलीसाठी घरी राहून शिकवणारी बाई हवी. पगार महिना पंचवीस डॉलर आणि राहणं-जेवणं घरातच.

ॲनला हे वाचून काही आनंदाचं भरतं आलं नाही. मुलं शिकवायची तिला हौस होती असंही नाही. दूरचा मुलूख, परकी माणसं. त्यात अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध होऊन अवघी एकवीस वर्षं झालेली. कॅप्टन केलर हे दक्षिणेच्या सैन्यात लढलेले, आणि ॲन उत्तरेकडची. पण दुसरा मार्ग समोर नव्हता. तिनं ही नोकरी घेतली ती गरज होती म्हणून. मला या गोष्टीनं फार धीर आला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षिकेनं आपलं काम मोठ्या त्यागाच्या भावनेनं नव्हे, तर पोटासाठी सुरू केलं होतं!

पण पोटासाठी म्हणजे कसंबसं नव्हे हं. ती लगेच गाडीत बसून निघाली नाही. पर्किन्सला परत गेली आणि पुढचे काही महिने तिनं डॉ. हॉवेंनी लॉराला कसं शिकवलं याच्या जुन्या नोंदी वाचून काढल्या. डोळे दुखत, सुजत, तरी वाचत राहिली. जानेवारी १८८७ मध्ये तिनं होकार पक्का केला. ३ मार्च १८८७ ला, बऱ्याच गाड्या बदलून, रडून आणि जागरणानं लाल झालेले डोळे घेऊन ती टस्कंबियाला उतरली. सामानात अंधशाळेतल्या मुलींनी हेलनसाठी दिलेली बाहुली होती. बाहुलीचे कपडे लॉरानं शिवले होते.

पुढची गोष्ट आपण ऐकतो ती थेट पाण्याच्या पंपाशी. पण त्याआधीचा एक महिना मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

हेलन अंगापिंडानं सशक्त, हुशार आणि अतिशय हट्टी मुलगी होती. घरातल्यांनी दयेपोटी तिला कधी अडवलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाभोवती फिरून ती ज्याच्या त्याच्या ताटात हात घालून हवं ते उचलून खायची, आणि सगळे खाऊ द्यायचे. बिचारी, तिला काय कळतंय! आपल्या घरीदारीही हेच होतं ना? पहिल्याच दिवसांत तिनं ॲनला खोलीत कोंडून किल्ली लपवली. वडिलांना शिडी लावून बाईंना खिडकीतून उतरवून घ्यावं लागलं. एकदा तर अशी डोक्यानं धडक दिली, की ॲनचा दात पडला.

ॲननं तिला आपल्या ताटात हात घालू दिला नाही. घरची मंडळी उठून गेली आणि दार लावून दोघींची झटापट सुरू झाली. हेलन लाथा मारतेय, चमचा फेकतेय, ॲन पुन्हा तिच्या हातात चमचा देतेय. शेवटी हेलन आपल्या जागेवर बसून चमच्यानं जेवली आणि पुढ्यातल्या रुमालाची घडीसुद्धा घातली. मग ॲन आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर पडून रडली. हे वाचलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ती थकली होती, घाबरली होती, तिला चीड आली होती. दुसऱ्या दिवशी ती परत कामाला लागली, एवढंच.

तिच्या लक्षात आलं, की घरात राहून हे होणार नाही. हेलन रडली की वडिलांचा जीव कळवळतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. म्हणून तिनं एक मागणी केली. मला आणि हेलनला काही दिवस वेगळं राहू द्या. पगारी बाईनं, तीही वीस वर्षांच्या मुलीनं, जमीनदार घरात असं मागणं ही छोटी गोष्ट नव्हती. केलरांनी जवळचंच बागेतलं छोटं घर दिलं, दोन आठवड्यांसाठी. हेलनला कळू नये म्हणून आधी तिला गाडीतून फिरवून आणलं. आईवडील रोज येऊन खिडकीतून बघून जात, तिच्या नकळत. पहिले दिवस वाईट गेले. मग हळूहळू मुलगी शांत झाली, ऐकू लागली. हातात सुई आली, विणकाम आलं. ॲन सतत तिच्या तळहातावर वस्तूंची नावं बोटांनी काढत होती. हेलन ती अक्षरं परत काढून दाखवायची, माकडानं नक्कल करावी तशी. अर्थ काहीच नाही.

५ एप्रिलला सकाळी पेला आणि त्यातलं पाणी यांच्यात हेलनचा गोंधळ होत होता. ॲन तिला विहिरीच्या पंपाशी घेऊन गेली. एका हातावर गार पाणी सोडलं आणि दुसऱ्या तळहातावर पाणी हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला. आणि मुलीच्या चेहऱ्यावर उजेड पडला! प्रत्येक वस्तूला नाव असतं हे तिला कळलं. काही तासांत तिनं तीसेक शब्द घेतले. त्यात एक शब्द होता शिक्षिका. हेलन पुढे ॲनला जन्मभर त्याच नावानं हाक मारायची.

यानंतर ॲननं जे केलं ते आपल्यासारख्या घरात मुलं वाढवलेल्या बायकांना चटकन कळेल. तिनं तासिका, वेळापत्रक, पाठ घेणं सोडून दिलं. हेलनच्या नात्यातलं एक सव्वा वर्षाचं बाळ होतं. ॲननं त्याच्याकडे नीट बघितलं. बाळाला बोलता येत नसतं, पण आपण त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलतच असतो. ते आधी समजायला लागतं, मग बोलायला. मग हेलनशीही तसंच बोलायचं तिनं ठरवलं, कानाऐवजी हातात. चालता-फिरता, बागेत, गोठ्यात, कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येताना. यासाठी तिच्याकडे कुठली पदवी नव्हती. निरीक्षण होतं, आणि आपली पद्धत चुकतेय हे कबूल करायची तयारी होती.

इथे गोष्ट गोड शेवटाला पोहोचली असं वाटतं ना? पण खरी नोकरी तर पुढेच होती, एकोणपन्नास वर्षांची!

केलरांची परिस्थिती खालावत गेली आणि ॲनचा पगार थकू लागला. ती राहिली. १८९२ मध्ये अकरा वर्षांच्या हेलननं लिहिलेली एक गोष्ट दुसऱ्या लेखिकेच्या गोष्टीशी जुळते असं निघालं. लहानपणी कधी तरी हातावर ऐकलेली गोष्ट पोरीच्या मनात राहिली असणार. पण पर्किन्समध्ये चौकशी बसली, ॲनला बाहेर ठेवून हेलनला तासन्‌तास प्रश्न विचारले गेले. संशय सगळा ॲनवर. १८९७ मध्ये केंब्रिजच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी, ॲन मुलीवर अभ्यासाचं फार ओझं टाकते असं ठरवून, दोघींना वेगळं करायचा घाट घातला. हेलनच्या आईला त्यांनी पत्रानं पटवलंही होतं. ॲन हटली नाही. आई स्वतः येऊन बघून गेली तेव्हा तिचं मत बदललं.

मग आलं रॅडक्लिफ कॉलेज, १९०० ते १९०४. वर्गात प्राध्यापक बोलत, ॲन ते हेलनच्या हातात लिही. बहुतेक पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. ती ॲननं आपल्या अधू डोळ्यांनी वाचायची आणि तासन्‌तास हातावर उतरवायची. १९०४ मध्ये हेलन गुणवत्तेसह बी.ए. झाली. पदवी मिळवणारी ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. शेजारी बसून तोच सगळा अभ्यास केलेल्या ॲनला पदवी मिळाली नाही. मी बी.ए.चं प्रमाणपत्र कपाटात ठेवून दिलेली बाई. हे वाचून मला माझ्या प्रमाणपत्राची लाज वाटली की कीव आली, सांगता येत नाही.

१९०५ मध्ये ॲननं जॉन मेसी या लेखक-संपादकाशी लग्न केलं. त्यानं हेलनला तिच्या आत्मचरित्राच्या कामात मदत केली होती. तिघं एकाच घरात राहत. संसार फार टिकला नाही. १९१४ च्या सुमाराला दोघं वेगळे झाले, घटस्फोट मात्र झाला नाही. मूलबाळ नव्हतं. त्याच वर्षी पॉली थॉमसन नावाची स्कॉटिश मुलगी मदतीला आली. म्हणजे एकटीनं सत्तावीस वर्षं ओढल्यावर ॲनला दुसरे दोन हात मिळाले. पैशांची चणचण इतकी, की १९२० पासून काही वर्षं दोघींनी करमणुकीच्या रंगमंचावर प्रयोग केले. लोक तिकीट काढून बघत, पंपाची गोष्ट कशी घडली ते.

ॲनचे डोळे पुन्हा बिघडत गेले. १९२९ मध्ये उजवा डोळा काढावा लागला. शेवटी शेवटी तिला दिसेनासंच झालं. ट्यूक्सबरीचे दिवस तिनं कित्येक वर्षं हेलनपासूनही लपवून ठेवले होते. त्याची लाज तिच्या मनातून जात नव्हती. १९३३ मध्ये तिचं चरित्र प्रसिद्ध झालं तेव्हा ते जगासमोर आलं. १९३१ मध्ये एका विद्यापीठानं दोघींना मानद पदवी देऊ केली, तर हिनं आपण त्या लायक नाही म्हणून नाकारली. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी गळ घातली तेव्हा घेतली. २० ऑक्टोबर १९३६ ला न्यूयॉर्कमध्ये ती गेली. हेलनचा हात तिच्या हातात होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चर्चमध्ये तिच्या अस्थी ठेवल्या आहेत. १९६८ मध्ये हेलन गेली, तिच्याही तिथेच, शेजारी. मधल्या काळात १९५५ मध्ये हेलन पॉलीला घेऊन आपल्या भारतातही येऊन गेली होती. ॲननं घातलेली सवय चालूच होती, हातातून जग ऐकायची.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा मनात घोळवली. तिनं मला नोकरी घे असंही सांगितलं नाही आणि घेऊ नकोस असंही नाही. पण चार गोष्टी स्पष्ट झाल्या.

पहिली, पगार घेणं हे पाप नाही. पंचवीस डॉलर ठरले होते म्हणूनच ॲनला रोज सकाळी उठून कामाला लागणं भाग होतं. फळं वाटायला आम्ही आमच्या सवडीनं जातो. मुलींना जेवण मात्र रोज लागतं. दुसरी, दया पुरत नाही. हेलनवर दया करणारं घर भरलेलं होतं, आणि तरी ती मुलगी अंधारातच होती. तिसरी, नुसतं मन चालत नाही, शिकावं लागतं. ॲननं महिनोन्‌महिने नोंदी वाचल्या. आपल्याकडेही विशेष मुलांना शिकवायचं तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मी शिकवायला जाणार नसले, तरी झटका आलेल्या मुलीला कसं धरायचं, हे मला कुणी तरी दाखवायलाच हवं.

चौथी गोष्ट मला जड गेली. ॲननं त्या कामात स्वतःला पूर्ण संपवलं. तिचे डोळे, तिचा संसार, सगळं त्यात गेलं. लोक त्याला त्याग म्हणतात आणि हार घालतात. मला वाटतं, दुसरे दोन हात सत्तावीस वर्षं आधी मिळाले असते, तर कदाचित तिचे डोळे थोडे जास्त टिकले असते. काळजी घेणाऱ्या बाईची काळजी कोण घेणार, हे नोकरी घेण्याआधीच विचारून घ्यावं. ते विचारणं म्हणजे स्वार्थ नव्हे.

म्हणून मी शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं स्पष्ट बोलले. पगार आणि सुटी कागदावर द्या. माझ्याबरोबर एक मदतनीस हवी. जुन्या गृहमाता जाण्याआधी मला पंधरा दिवस त्यांच्या हाताखाली शिकू द्या, आणि ते पंधरा दिवस झाल्यावर हो की नाही ते मी सांगेन. साडीची गोष्टही मी त्यांना सांगून टाकली. मला वाटलं, त्या नाराज होतील. त्या हसल्या. त्यांच्याही पहिल्या महिन्यात असंच झालं होतं म्हणे. ज्या बायका पहिल्याच दिवशी मुलींना पोटाशी धरून रडतात, त्या आठ दिवसांत सोडून जातात, असाही त्यांचा अनुभव.

ते पंधरा दिवस परवा संपले. त्यातले पाच दिवस मी घरी येऊन जेवले नाही, एक दिवस रडले. सासूबाईंनी काही न बोलता संध्याकाळचा कुकर लावायला सुरुवात केली आहे. ह्यांनी पुण्याचा विषय काढलेला नाही. त्या मुलीला अजून स्वतःच्या हातानं जेवता येत नाही. चमचा धरते, तोंडापर्यंत नेते आणि सांडते. मी रोज तिच्या हातावर हात ठेवून तो चमचा पुन्हा वर नेते. लाळ लागते. साडी सुती असते, धुतली की निघते.

सोमवारपासून मी रुजू होतेय.